तिवरांमधली खांड

निवळेखारच्या शाळेत सभा भरली तेव्हा डॉ. सानिका उबाळे यांनी टेबलावर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या. दोन्हींत समोरच्या खाडीतलाच चिखल आणि खाडीचंच पाणी होतं. एका बरणीत तेवढंच. दुसरीत तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, वीतभर रोप लावलेलं. त्यांनी दोन्ही बरण्या उचलून जोरात हलवल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. पहिलीतलं पाणी सभा संपेपर्यंत गढूळच राहिलं. दुसरीतला गाळ लोकांच्या देखत, कुणी खालून ओढल्यासारखा, मुळांपाशी जाऊन बसला.

"या मुळांवर एक बुरशी आहे," सानिका म्हणाल्या. "ती मूळची तिवरासोबतच राहणारी. आम्ही प्रयोगशाळेत तिच्यात थोडा बदल केला. आता ती कोळिष्टकासारखे चिकट धागे विणते. भरतीबरोबर आलेला गाळ त्यात अडकतो आणि परत जात नाही. शिवाय ती झाडाला अन्न पुरवते, त्यामुळे झाड तिप्पट वेगानं वाढतं. समुद्र दरवर्षी जेमतेम एक बोट वर चढतोय. या झाडांखालची जमीन चार बोटं वर येते. म्हणजे हा बांध समुद्राच्या पुढेच राहणार. त्याला डागडुजी लागत नाही. तो आपला आपण वाढतो."



निवळेखार हे रायगडातलं खाडीकाठचं गाव. भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि तिच्या नि खाडीच्या मध्ये पणजोबांच्या काळचा दगडमातीचा बांध. शेतं म्हणजे या बांधापासून गावाकडे गेलेल्या लांबच लांब पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये पुरुषभर उंचीचा मातीचा मधला बांध. अलीकडे बाहेरचा मोठा बांध उधाणाला पुरेनासा झाला होता. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे फुटायचा. फुटलेल्या जागेला गावात खांड म्हणत. खांड पडली की खारं पाणी आत शिरायचं आणि त्या पट्टीत पुढची तीन वर्षं भात म्हणून होत नसे.

'सजीव बांध योजना' अशाच गावांसाठी आखली होती. जुना बांध काढायचा, शेताची त्या कडेची थोडी जमीन घ्यायची आणि तिथे तिवरांचा रुंद पट्टा लावायचा. रोपं, मजूर, भरपाई, सगळं सरकारचं.

"एक विचारू?" म्हातारे बाळकृष्ण घरत उभे राहिले. गावात त्यांचा शब्द मानत. "तिवर लागला, की ती जागा कोनाची?"

"तुमचीच, काका. योजनेत तसं स्पष्ट म्हटलंय."

"योजना बदलते, मॅडम. तिवर बदलत नाय. माझ्या मेव्हन्याच्या खाचरात आपसूक तिवर रुजले. आता सातबाऱ्यावर वनाचा शेरा हाय. सोताच्या जागेत त्याला फांदी तोडता येत नाय."

मागून एकजण म्हणाला, त्यांच्या पट्टीवर ढीगभर नावं आहेत, निम्मे वारस डोंबिवलीला, त्यांच्या सह्या कोण गोळा करणार. दुसऱ्याची जमीन वाट्यानं करणारी एक बाई म्हणाली, "भरपाई जागामालकाला मिलंल. शेताची कड जाईल ती माझी."

सानिकांनी एकेकाला उत्तरं दिली. मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "आणखी एक, तेही आधीच सांगते. हा पट्टा सलग हवा. मध्येच एखाद्यानं लावला नाही, तर दोन्हीकडून अडलेलं पाणी त्याच्या जुन्या बांधावर जाईल. पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी कसं जोरात उसळतं, तसं. अर्धवट लावण्यापेक्षा अजिबात न लावलेलं बरं."

पहिला हात हरेश्वर मोकलनं वर केला. त्याच्यामागून आणखी चार-पाच. बाकीचे चपला शोधायला लागले.

हरेश्वर पन्नाशीला आलेला. भाताची एक पट्टी आणि तिच्या टोकाला जिताडा माशांचं तळं, एवढा त्याचा संसार. त्याचे वडील खांड बुजवताना डोक्यावर दगड घेऊन बांधावरच कोसळले होते. तेव्हापासून उधाणाच्या दिवसांत त्याला जेवण जात नसे. बायको, सुप्रिया, त्याला बळेबळे ताटावर बसवायची. तो दोन घास खाऊन उठायचा आणि बांधावर जायचा.

सभेनंतर तो सानिकांना गाडीपर्यंत सोडायला गेला.

"तालुक्यात तिघांतला एकही येत नाही, दादा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. त्या बीडच्या, या बुरशीवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. "वरचे मला विचारतात, फुकट देऊनही घेत नाहीत, लोक अडाणी आहेत का?"

"अडाणी नाहीत, मॅडम. आधीच्यांचं बघून शहाणे झालेत. कुणी कारखान्यासाठी आलं, कुणी बंदरासाठी. प्रत्येकानं सांगितलं, जागा तुमचीच राहील."

"मग तुम्ही हात का वर केलात?"

"मी पाणी बघितलंय," हरेश्वर म्हणाला.

त्या उन्हाळ्यात तो घरोघर फिरला. डोंबिवलीला जाऊन वारसांच्या दारात बसला. बाळकृष्णकाकांना प्रयोगाचा पट्टा दाखवायला पलीकडच्या खाडीत होडीनं घेऊन गेला. काका तिथल्या चिखलावर काठी टेकून उभे राहिले, काठी आत जाईना. परतताना ते एवढंच म्हणाले, "तुझ्या शब्दावर लावतो, हरेश्वर. मॅडमच्या नाय." त्यांच्यामागून उत्तरेकडच्या सगळ्या पट्ट्या आल्या. हळूहळू दक्षिणेकडच्याही आल्या. मध्ये एक पट्टी राहिली. ती हरेश्वरच्या पट्टीला लागूनच, दक्षिणेला. त्याच्या थोरल्या बहिणीची, जयवंतीची.

जयवंतीला गावातच दिलेली. नवरा वारल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढलं. तिनं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढून ही पट्टी स्वतःच्या नावावर करून घेतली होती. गावठाणात जागा नाही म्हणून बांधाजवळच मातीचा उंचवटा करून त्यावर दोन खोल्या उभ्या केल्या. मुलगी धनश्री नाशिकला परिचारिका होती. आईनं तिकडे यावं म्हणून ती दर सणाला भांडायची.

हरेश्वर गेला तेव्हा जयवंती ओटीवर बसून सुकी मासळी निवडत होती.

"जयूबाय, तुझी एकटीची राहिली."

"मना ठावं हाय तू कशाला आलास ते."

"कड जाईल, थोडीशीच. बाकी शेत तुझंच राहील."

"हरेश, बस." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी बाईमाणूस. त्या उताऱ्यावर माझं नाव लागायला माझी जवानी जेली. तिथं माझ्याखेरीज दुसरं कायबी लागायला नको. ना तिवर, ना वन, ना सरकार. आज कड, उद्या शेरा, परवा म्हणतील घर अतिक्रमण हाय. मंग मी कुठं जाऊ? धनूच्या दारात?"

"आणि पाणी आलं तर? दोन्ही बाजूंनी तिवर, मध्ये तुझा कच्चा बांध. मॅडम सांगतात, सगळं पाणी तुझ्यावर येईल."

जयवंतीनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मंग तू लावू नकोस," ती म्हणाली.

 हरेश्वर चहा न घेताच उठला.

पावसाळा सरल्यावर सानिकांनी वर कळवलं की मध्ये एक पट्टी बाकी आहे, तोवर निवळेखारला सुरुवात करू नये. उत्तर आलं की जिल्ह्यात इतका सहभाग दुसऱ्या कुठल्याच गावात नाही. हे गाव सोडलं तर योजनाच गुंडाळावी लागेल. राहिलेली पट्टी काम बघून येईलच. सानिकांनी हरेश्वरला फोन केला. "मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला पाठवतील. तुम्ही लोकांनी नाही म्हटलं तर थांबेल. तुम्ही सांगा."

तो रात्रभर नाही झोपला असं नाही, झोपला. सकाळी त्याच्या दारात बाळकृष्णकाका आणि उत्तरेकडची माणसं येऊन उभी होती. काकांचा बांध मागच्याच उधाणाला पोटातून पोकळ झाला होता. पुढचा पावसाळा तो काढणार नव्हता. काकांनी नुसतं विचारलं, "रोपं कदी येतात?"

"या आठवड्यात," हरेश्वर म्हणाला.

तिवर वाढले ते बघायला लोक लांबून येऊ लागले. पहिल्या पावसाळ्यात कंबरेला लागले, दुसऱ्यात माणूस आत शिरला तर दिसेना. जमिनीतून वर आलेल्या श्वासमुळांच्या दाट खुंट्या, आणि त्यांच्यामध्ये पांढुरक्या धाग्यांनी शिवून टाकल्यासारखा घट्ट चिखल. सानिकांनी खाडीत जागोजाग रोवलेल्या यंत्राच्या काठ्या पाण्याची उंची आणि वेग मोजून फोनवर पाठवायच्या. पट्ट्यामागे लाट नावाला उरत नव्हती. खेकडे वाढले, चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे वाढले. हरेश्वरच्या तळ्यातले जिताडे हातभर झाले. बाळकृष्णकाकांनी कितीतरी वर्षांनी पडीक पट्टीत भात लावला आणि पहिले पोहे हरेश्वरकडे पाठवले.

फक्त एका काठीचा आकडा दर महिन्याला चढत होता. ती जयवंतीच्या बांधासमोर होती.

तिच्या बांधापुढे खाडीचा तळ खरवडून निघत होता. पूर्वी ओहोटीला तिथे चिखल उघडा पडायचा. आता तिथे बारमाही खोल पाणी, आणि भरतीला त्याचा आवाज गावात ऐकू यायचा. बांधाचे दगड एकेक करून आत घसरत होते. जयवंती रोज पाटीनं माती टाकायची. हरेश्वर दगड घेऊन जायचा. दोघं शेजारी शेजारी काम करायची. ती तिवरांबद्दल काही बोलायची नाही, तोही बोलायचा नाही. एकदा दगड लावता लावता ती थांबली आणि दोन्ही बाजूंच्या हिरव्या भिंतींकडे बघत म्हणाली, "झाडं चांगली हायत रे." त्याला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी, आषाढात, ती स्वतः त्याच्या घरी आली. सुप्रियानं पाणी दिलं. ते न पिता ती म्हणाली, "लाव तुझे तिवर माझ्यात. जागा जेली तर जेली. बांध आता माझ्यानं होत नाय."

हरेश्वरनं तिथल्या तिथे सानिकांना फोन लावला. 

"रोपं मी उद्या पाठवते," सानिका म्हणाल्या. "पण दादा, मुळांना जमीन धरायला एक अख्खा उन्हाळा लागतो. आत्ता लावली तर पहिल्या भरतीला वाहून जातील. श्रावणातल्या अमावस्येच्या भरतीचा अंदाज माझ्यासमोर आहे. त्या दिवसांत समुद्र खवळलेलाही असतो. ताईंचा बांध टिकत नाही."

"मग जुना बांध दगडानं पक्का करून द्या. मशिनी पाठवा."

"मी दोनदा मागितलं. ती पट्टी योजनेत नाही, म्हणून योजनेतून तिच्यावर काही करता येत नाही. आता नाव घातलं तरी मंजुरी दिवाळीनंतर." मग त्या एकदम म्हणाल्या, "मला हे सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"तुम्ही सांगितलं होतं, मॅडम. ऐकलं आम्ही नाही," हरेश्वर म्हणाला आणि फोन ठेवला.

उरलेले दिवस गावातली जमतील ती माणसं मातीच्या गोणी भरून जयवंतीच्या बांधावर टाकत होती. दुसऱ्या दिवशी त्या गोणी तिथे नसायच्या. उत्तरेची माणसं आली, दक्षिणेची आली, बांधाकडे शेत नसलेलीही आली. बाळकृष्णकाका काठावर बसून गोणींची तोंडं शिवत होते. एवढ्या लोकांची ताकद लागूनही बांध रोज थोडा बारीक होत गेला. शेवटी काठावर उभं राहिलं की पायाखाली थरथर जाणवायची.

अमावस्येच्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमाराची. सकाळीच हरेश्वर बहिणीकडे गेला.

"चल घरी. सामान मी आणतो."

"शेळ्या घेऊन जा. मी कुलूप लावून येते."

"जयूबाय, आत्ता चल."

"अरे, घर हाय. असं कसं उठून चालती होऊ? तू हो पुढं."

तो शेळ्या घेऊन निघाला. त्या ओढत, ओरडत त्याच्या पट्टीपर्यंत आणल्या आणि तो परत वळला तेवढ्यात बांध गेला. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. बांधाचा मधला भाग पाण्यात विरघळल्यासारखा खाली बसला आणि त्या जागेतून खाडी आत आली.

जयवंतीची पट्टी म्हणजे लांबट हौद झाला. एका बाजूला हरेश्वरचा मधला बांध, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडच्या शेजाऱ्याचा, मागे गावाचा चढ. पाण्याला पसरायला जागाच नव्हती, ते फक्त वर चढत होतं. बघता बघता उंचवटा बुडाला, ओटी बुडाली. जयवंती खिडकीचे गज धरून पत्र्यावर चढायचा प्रयत्न करत होती. तिला ते जमत नव्हतं. हरेश्वर मधल्या बांधावर उभा होता. ती हाकेच्या अंतरावर होती, पण मध्ये पाण्याला जी ओढ होती तीत पोहणारा माणूस टिकला नसता. घराची एक भिंत बाहेरच्या बाजूला फुगलेली त्याला दिसली.

भरती पुरती यायला अजून तास होता.

हरेश्वरनं आपल्या पट्टीकडे पाहिलं. भात पोटरीला आलं होतं. पलीकडे तळं. मधला बांध कापला तर पाणी दुप्पट जागेत पसरेल आणि तिकडची पातळी उतरेल. एवढंच गणित होतं आणि ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो धावत जाऊन फावडं घेऊन आला.

पहिला घाव घातला तेव्हा पलीकडून हाका आल्या. बाळकृष्णकाका आणि उत्तरेची चार माणसं त्यांच्या आणि हरेश्वरच्या मधल्या बांधावर उभी होती. त्यांच्याही हातात फावडी होती.

"हरेश्वर, थांब," काका ओरडले. "तुझी पट्टी भरली की आमचा बांध राहील का? आमी तुझ्या शब्दावर लावलं."

"काका, ती तिकडे मरेल."

"आमचं भात हाय. माझ्या पोरांची तोंडं हायत." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "दोर टाका तिला. होडी आणा."

"होडी पार धक्क्यावर आहे, काका. वेळ कुठाय?"

तो खणत राहिला. काकांबरोबरची दोन माणसं त्याच्याकडे धावली. एकानं त्याच्या फावड्याचा दांडा पकडला. दोघंही एकमेकांकडे बघत, धापा टाकत उभे राहिले. तो माणूस म्हणजे काकांचा थोरला मुलगा, हरेश्वरबरोबर शाळेत शिकलेला. त्यानं जयवंतीच्या घराकडे एकदा पाहिलं. मग दांडा सोडला, मागे फिरला आणि आपल्या माणसांना ओरडून म्हणाला, "आपला बांध उंच करा. लवकर. सगळे लागा."

तिकडे माती वर टाकली जात होती, इकडे हरेश्वर माती काढत होता. पाणी फटीतून आलं तेव्हा आधी दोरीएवढी धार होती. मग तिनं कडा खाल्ल्या आणि बांधाचा मोठा तुकडा हरेश्वरच्या पायाखालून निघून गेला. तो आपल्याच भातात कोसळला. उठला तेव्हा गुडघाभर पाणी होतं आणि ते खारट होतं. तळ्यावरून पाणी गेलं. जिताडे मोकळे होऊन भातातून फिरायला लागले.

पलीकडची पातळी छातीवर आली, मग कंबरेवर. ओढ मंदावली. जयवंती खिडकी सोडून पाण्यात उतरली आणि दोन्ही हात पुढे धरून, आंधळ्या माणसासारखी, हरेश्वरकडे चालत आली. त्यानं तिला धरलं. ती कापत होती. ती दोघं बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर चढली आणि तेवढ्यात मागे तिच्या घराची फुगलेली भिंत पडली. मग पत्रा. मग दुसरी भिंत.

जयवंती बघत राहिली. मग तिनं त्याच्या पट्टीकडे मान वळवली.

"तुझी पन जेली," ती म्हणाली.

"हो."

"कापायला नको होतास, हरेश." ती रडत नव्हती. "मी किती वर्सं जगनार होते?"

उत्तरेकडच्या लोकांचा बांध वाचला. ओहोटी लागेपर्यंत ती माणसं त्यावर माती टाकत होती. ती कुणी हरेश्वरकडे आली नाहीत, आणि त्यानंतर बाळकृष्णकाकांच्या घरून कधी पोहे आले नाहीत.

खांड बुजवता आली नाही. दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत, त्यामुळे खाडीचं सगळं येणं-जाणं त्याच दारातून होऊ लागलं. दिवसातून दोनदा पाणी आत यायचं, दोनदा बाहेर जायचं, आणि प्रत्येक फेरीत दार रुंद व्हायचं. जयवंतीची आणि हरेश्वरची पट्टी म्हणजे खाडीचाच एक फाटा होऊन बसली. जयवंती भावाकडे राहू लागली. सुप्रियानं तिला माडीवरची खोली दिली. धनश्री येऊन, रडून, एकटीच परत गेली.

हिवाळ्यात सानिका आल्या. त्या ओटीवर टेकल्या.

"तुम्हाला कुणी कळवलं नसेल म्हणून मीच आले," त्या म्हणाल्या. "नव्या नियमाप्रमाणे, जिथे रोज भरतीचं पाणी खेळतं ती जमीन खाडीत धरतात. तुमच्या दोन्ही पट्ट्या आता खाडी. हरेश्वरदादांना योजनेतूनही काही मिळणार नाही, कारण पाणी त्यांनी स्वतः आत घेतलं, असं लिहिलंय. मी विरोध नोंदवला आहे. त्यानं काही होईल असं मला वाटत नाही."

 जयवंतीनं विचारलं, "मंग आता त्या जागेचं काय?"

"तिथे तिवर लावणार. आता कुणाची संमती लागत नाही ना." सानिका दोघांकडे न बघता बोलत होत्या. "निवळेखारचा पट्टा सलग झाला की ते म्हणणार, पूर्ण सहभागाचं पहिलं गाव."

लागवड फाल्गुनात सुरू झाली. मुकादम बाहेरगावचा होता, मजूर मिळतील तिथून घेत होता. पहिल्या दिवशी हरेश्वर निघाला तेव्हा जयवंतीही पदर खोचून त्याच्यामागे निघाली.

"तू कशाला येतेस, जयूबाय? लावणारे पुष्कळ आहेत."

"लोकं त्या जागेला काय म्हनतात, ऐकलंस ना? जयवंतीची खांड. उताऱ्यावरनं जेलं, पन तिथं माझं नाव ऱ्हायलं." ती चालता चालता बोलत होती. "उद्या तिथून पाणी शाळेत शिरलं, पोरंबाळं बुडाली, तरी माझ्याच नावानं बोलतील. ते मना नको."

ओहोटीला दोघं चिखलात उतरली. त्या दिवशी कुठवर लावायचं ते दाखवायला मुकादमानं दोरी बांधली होती. मुळांवर पांढुरकी बुरशी धरलेली रोपं टोपल्यांत होती. हरेश्वरनं तिला दाखवलं, खड्डा किती, रोप किती आत, आणि वरून टाचेनं चिखल कसा दाबायचा. जयवंतीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती ओळ धरून पुढे पुढे गेली. एका ठिकाणी चिखलातून जोत्याचे चार दगड वर आले होते. तिथे ती थांबली, वाकून एका दगडावरचं शेवाळ हातानं पुसलं आणि दोरी ओलांडून, एकेकाळी चूल होती तिथे, रोप लावायला बसली.

"मावशी," काठावरून मुकादम ओरडला, "दोरीच्या पलीकडे नका जाऊ. सरकारी जागा आहे ती."

हरेश्वर ताठ उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. जयवंतीनं चिखलानं माखलेला हात वर करून त्याला थांबवलं. ती सावकाश उठली, दोरीच्या अलीकडे आली.

"बरं," ती मुकादमाला म्हणाली. "माझी रोपं संपली. आनखी द्या."